३८ पाउंडांचे धनुष्य आणि दोन भाते : बाणांच्या निवडीचा एक प्रकरण अभ्यास

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकजवळ गिरणारे रस्त्यावरील आमच्या सरावाच्या जागी एक सदस्य दोन भाते घेऊन आले आणि म्हणाले, "सर, यांतला एक मला कायमचा बंद करायचा आहे. कोणता, ते तुम्ही सांगा." एका भात्यात पाइनच्या लाकडाचे १२ बाण होते आणि दुसऱ्यात कार्बनचे ६. पुढचे पाच महिने आम्ही दोघांनी मिळून या प्रश्नावर जे काम केले, त्याची ही नोंद आहे. पारंपरिक धनुष्य नव्याने हाती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा आवडीनिवडीवर दिले जाते, म्हणून ती तपशिलाने मांडत आहे.

हे गृहस्थ ५२ वर्षांचे असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. व्हर्निअर आणि डायल गेज ही बारीक मापे घेणारी उपकरणे त्यांची रोजची हत्यारे आहेत, आणि या प्रकरणात पुढे तीच कामी आली. त्यांचे धनुष्य ६८ इंची लाँगबो (उंच, साधे पारंपरिक धनुष्य) असून बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून ते केलेले आहे. त्यावर '२८ इंचांना ४० पाउंड' असे लिहिलेले आहे. परंतु त्यांचा स्वतःचा ड्रॉ (दोरी मागे ओढण्याची लांबी) २७ इंचांचाच असल्याने प्रत्यक्षात बोटांवर किती भार येतो, हे आम्ही सामान तोलण्याच्या हुकाच्या काट्यावर पाहिले. तो १७.२ किलो, म्हणजे ३८ पाउंड भरला. पुढील सर्व हिशेब या ३८ पाउंडांवर केलेला आहे. धनुष्यावर लिहिलेल्या आकड्यावर बाण निवडणे ही नवख्याची पहिली चूक असते, कारण ड्रॉ एक इंचाने कमी झाला तर या ताकदीच्या धनुष्यात सुमारे दोन-अडीच पाउंड कमी होतात.

त्यांचे म्हणणे दोन भागांत होते. कार्बनचे बाण सरळ आणि एकसारखे असूनही लक्ष्याच्या डावीकडे जातात आणि सुटताना धनुष्यावर 'टक्' असा आवाज करतात, ही पहिली तक्रार होती. लाकडी बाणांची दिशा साधारण ठीक असली तरी ते इतके विखुरतात की आपले काय चुकले हे कळतच नाही, ही दुसरी. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की, कार्बन पारंपरिक धनुष्याला मानवत नाही आणि लाकूड अचूक नसते. पंचवटीच्या गावात धनुष्यबाणाचा विषय निघाला की "रामाच्या बाणाला कुठे कार्बन होता?" असे ऐकवणारा कोणी ना कोणी भेटतोच, आणि तसा तो त्यांनाही भेटला होता. मला मात्र दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटले.

दोष कोठे होता, हे समजण्यासाठी अशा धनुष्यातून बाण कसा सुटतो ते पाहावे लागते. ऑलिम्पिकमधील धनुष्याची मूठ मध्यापर्यंत आणि त्याही पलीकडे कापलेली असते, त्यामुळे दोरी ज्या रेषेत पुढे येते, त्याच रेषेत बाण ठेवता येतो. जुन्या पद्धतीच्या लाँगबोमध्ये बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो, म्हणजे उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण सुरुवातीपासूनच किंचित डावीकडे तोंड करून असतो. तरीही तो समोर जातो, कारण दोरीचा धक्का बसताच दांडा वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि पलीकडे गेल्यावर थरथरत सरळ होतो. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरण करून हा वळसा डोळ्यांना दिसेल असा टिपला होता. दांडा फार ताठ असेल तर तो पुरेसा वाकत नाही, मुठीला घासतो आणि डावीकडे फेकला जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे जातो. दांड्याच्या या ताठपणाला स्पाइन म्हणतात. पारंपरिक धनुष्याच्या बाबतीत बाण लाकडाचा आहे की कार्बनचा, यापेक्षा त्याची स्पाइन किती आहे, हे आधी विचारावे लागते.

येथे एक अडचण अशी आहे की, लाकूड आणि कार्बन यांची स्पाइन दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजतात आणि त्यांचे आकडे परस्परविरुद्ध दिशेने चालतात. लाकडी दांडा २६ इंच अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मधोमध २ पाउंडांचे वजन टांगतात, दांडा जितके इंच खाली झुकेल त्या आकड्याने २६ला भागतात आणि उत्तर पाउंडांत सांगतात. म्हणून लाकडात आकडा मोठा असेल तर दांडा ताठ असतो. कार्बनसाठी टेकूंमधील अंतर २८ इंच आणि वजन ८८० ग्रॅम असते, आणि झुकाव इंचाच्या हजाराव्या भागांत जसाच्या तसा सांगतात. म्हणून कार्बनमध्ये आकडा मोठा असेल तर दांडा लवचीक असतो. '४०'चा लाकडी आणि '५००'चा कार्बन बाण शेजारी ठेवून नुसत्या आकड्यांवरून त्यांच्यात काय नाते आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आमच्या गृहस्थांनी कारखान्यातील एका जुन्या लोखंडी पट्टीवर दोन व्ही-ब्लॉक (खाचेचे टेकू) बसवून मापनाची जोडणी तयार केली आणि मध्यभागी डायल गेज लावला. वजनासाठी वाळू भरलेली डबी घेतली आणि किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती बरोबर ९०७ ग्रॅम करून आणली. दुकानदाराने "काका, वाळू तोलून घेताय?" असे विचारल्याचे त्यांनी मला दोनदा सांगितले. खर्च जवळजवळ शून्य होता, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू ती जोडणीच होती.

प्रथम कार्बन बाण तपासले. ते विकत घेताना दुकानदाराने ४० पाउंडांचे धनुष्य म्हटल्यावर ५०० स्पाइनचे बाण दिले होते, आणि मध्यापर्यंत कापलेल्या, दोरी वेगाने सोडणाऱ्या रिकर्व्हला (टोके पुढे वळलेल्या धनुष्याला) ते कदाचित चाललेही असते. लाकडाच्या मापनपद्धतीने पाहता, म्हणजे २६ इंचांच्या टेकूंवर ९०७ ग्रॅम टांगून, त्यांचा झुकाव १०.५ मिलिमीटर भरला. हिशेबाने ही स्पाइन ६३ पाउंडांच्या आसपास येते. ३८ पाउंडांच्या लाँगबोला ६३ पाउंडांचा दांडा जोडल्यावर तो डावीकडे जाणारच. त्यातून त्या बाणांना प्लास्टिकची पिसे होती. खरे पीस मुठीवरून जाताना दबून पुन्हा उभे राहते, तर प्लास्टिकचे पीस दबत नाही, ते मुठीवर आपटते आणि बाणाची शेपटी बाजूला ढकलते. 'टक्' आवाजाचे कारण एवढेच होते. खातरजमेसाठी एका कार्बन बाणाची पिसे पूर्ण काढून तो १५ मीटरवरून सोडला असता पिसे असलेल्या बाणांच्या डावीकडे हातभर अंतरावर लागला.

मग लाकडी बाणांकडे वळलो. पिशवीवर '४०-४५' असे छापलेले होते. १२ दांड्यांचे माप घेतल्यावर झुकाव १३.५ ते १८.३ मिलिमीटर, म्हणजे स्पाइन सुमारे ४९ ते ३६ पाउंड एवढी पसरलेली निघाली. वजनही २६.६ ग्रॅमपासून ३०.५ ग्रॅमपर्यंत होते. धनुर्धर वजन ग्रेनमध्ये मोजतात, त्या हिशेबाने हा फरक ६० ग्रेनचा होतो, आणि इतका फरक असलेले दोन बाण ३० मीटरवर उंचीच्या दृष्टीने एका ठिकाणी लागणे शक्य नसते. प्रत्येक बाणावर पेन्सिलीने त्याचे माप लिहिले आणि ३८ ते ४३ पाउंडांच्या टप्प्यातील सात बाण वेगळे काढले. २० मीटरवर सर्व बारा बाण पूर्वी उघडलेल्या वर्तमानपत्राएवढ्या जागेत पसरत असत, तेथे त्याच संध्याकाळी हे सात बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत लागले. हात तोच, धनुष्य तेच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी माझ्या रिलीजला, दोरी सोडण्याच्या पद्धतीला, शिव्या देत होतो."

त्या सातांपैकी दोन बाणांत आणखी एक दोष सापडला. लाकडी दांड्याच्या टोकाकडे पाहिले असता झाडाच्या वाढीच्या रेषा दिसतात. दोरीची खाच या रेषांना आडवी कापलेली असावी लागते, कारण रेषांच्या दिशेनेच खाच पडली तर दोरीच्या धक्क्याने दांडा तेथे चिरू शकतो. शिवाय आडव्या खाचेमुळे दांड्याची ताठ बाजू आपोआप धनुष्याकडे येते. या दोन दांड्यांत खाच तिरपी होती, म्हणून ती भरून पुन्हा कापून घेतली. दांड्याच्या अंगावर रेषा तिरक्या बाहेर पडत असतील तर त्यांची टोके वरच्या बाजूला आणि पुढे, म्हणजे लक्ष्याकडे असावीत. बाण सुटताना मोडला तर चिरफाळी हातापासून दूर जावी, हा त्यामागचा उद्देश आहे. सुतारकामाच्या दुकानातून पाइनच्या गोल काड्या आणून बाण करणारे अनेकजण नाशिकमध्ये मला भेटले आहेत. त्या काड्यांमध्ये रेषा अर्ध्यातच बाहेर पडलेल्या असतात, तेव्हा त्या फुलझाडांना आधार म्हणून लावाव्यात, धनुष्याला लावू नयेत.

आता तुलना खऱ्या अर्थाने सुरू करता येणार होती, कारण योग्य स्पाइनचा कार्बन बाण त्यांनी अजून वापरलेलाच नव्हता. हिशेबाने ४० पाउंडांच्या लाकडाला कार्बनमधील ८००च्या जवळपासची स्पाइन जुळते. तरीही आम्ही ७०० घेतली, आणि त्याचे कारण दांड्याच्या जाडीत आहे. लाकडी दांडा ११/३२ इंच, म्हणजे ८.७ मिलिमीटर जाड होता आणि कार्बनचा त्यापेक्षा दोन मिलिमीटरने बारीक. बारीक दांडा मुठीला टेकल्यावर दोरीच्या रेषेच्या अधिक जवळ राहतो, त्यामुळे त्याला कमी वळसा घ्यावा लागतो आणि थोडा अधिक ताठपणा चालतो. दांडे न कापता ३०.५ इंच लांब ठेवले, पुढे १५० ग्रेनचे टोक बसवले आणि मागे टर्कीची चार इंची पिसे लावली. लांब दांडा आणि जड टोक या दोन्हींमुळे दांडा जास्त वाकतो, त्यामुळे पाव-पाव इंच कापत योग्य जागी येण्याची सोय राहते. पिसे नसलेला बाण पिसे असलेल्यांमध्ये मिसळून लागू लागला, तेव्हा लांबी २९.७५ इंचांवर आली होती. (पिसांविषयी एक सूचना अस्थानी होणार नाही : रानात सापडलेली मोराची किंवा गिधाडाची पिसे बाणाला लावण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि बाजारात टर्कीची पिसे सहज मिळतात.)

या बाणाचे वजन ३८० ग्रेनच्या आत-बाहेर, म्हणजे धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे सुमारे १० ग्रेन पडले. लाकडी सातांचे सरासरी ४३० ग्रेन, म्हणजे पाउंडामागे ११ ग्रेनहून थोडे जास्त. लाकडी लाँगबोसाठी ८ ते १० ग्रेनच्या खाली उतरू नये असे मी सर्वांना सांगतो. बाण जितका हलका, तितकी धनुष्यातील शक्ती बाणात न जाता पट्ट्यांत आणि धनुर्धराच्या मनगटात शिल्लक राहते, आणि फारच हलका बाण सोडणे हे बाणाशिवाय दोरी सोडण्याच्या जवळ जाते. दोन्ही संच या कसोटीला उतरले. कार्बन किंचित वेगाने जाई, लाकडी बाण सोडल्यावर धनुष्य अधिक शांत राही, आणि २० मीटरवर दोहोंच्या गटात सांगण्यासारखा फरक उरला नाही.

यानंतर पावसाळा सुरू झाला, आणि प्रश्नाला वेगळेच वळण लागले.

ऑगस्टच्या मध्यावर, सलग तीन आठवड्यांच्या ओलीनंतर, त्याच सात लाकडी बाणांचे माप पुन्हा घेतले. प्रत्येकाची स्पाइन दोन ते तीन पाउंडांनी उतरली होती, वजन वाढले होते आणि दोन बाण डोळ्यांना दिसतील इतके वाकले होते. लाकूड हवेतील ओल शोषते आणि ओले लाकूड लवचीक होते, यात नवल नाही. मात्र हे सर्वच बाणांत सारख्या दिशेने घडले, त्यामुळे गट फुटला नाही, तर सगळाच थोडा उजवीकडे सरकला. वाकलेले बाण गॅसच्या शेगडीवर दूर धरून गरम केले, तळहाताच्या टाचेने दाबून सरळ केले आणि थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवले. त्यानंतर सर्वांना वॉर्निशचे दोन पातळ हात दिले आणि घराच्या कोपऱ्यात तिरके टेकवून ठेवण्याऐवजी आडव्या फळीवर ठेवण्याची शिस्त लावली. कार्बनला या काळात काहीही झाले नाही. पिसे मात्र दोघांचीही भिजून चिकटत होती, तेथे कार्बनचे काही चालत नाही.

पावसाळ्यात कार्बन घ्यावा, एवढ्यावर मी हे प्रकरण बंद केले असते, पण जागेच्या मालकांनी ते होऊ दिले नाही. आमचा सराव ज्या शेताच्या कडेला चालतो, तेथे द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर पट्ट्यांनी आवळून लक्ष्य केलेले आहे. त्यामागे मुरमाचा बांध आहे आणि बांधात काळे बेसाल्टचे दगड आहेत. चुकलेला बाण दगडावर बसला की लाकडी बाण बहुधा टोकामागे मोडतो, दोन तुकडे दिसतात आणि उचलता येतात. पुष्कळदा दांडा इंचभर कापून, टोक पुन्हा निमुळते करून तोच बाण वापरताही येतो. सप्टेंबरात एक कार्बन बाण दगडावर बसला, तेव्हा त्याचा पुढचा अर्धा भाग धाग्या-धाग्यांनी फुटून गवतात पसरला. दुसऱ्या दिवशी मालकांच्या बोटात एक धागा घुसला. ते शांतपणे म्हणाले, "दादा, तुमचा खेळ चालू द्या, पण हे बांधावरचं गवत मी गाईला टाकतो. त्यात हे नको." यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. बांध समोर असताना कार्बन सोडायचा नाही, हा नियम त्या दिवशी सर्वांसाठी झाला.

कार्बनचा धोका हातालाही असतो. दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला घासून गेलेल्या कार्बन दांड्यात बाहेरून न दिसणारी चीर राहू शकते आणि पुढच्या वेळी सोडताना तो हाताजवळ फुटू शकतो. म्हणून प्रत्येक आघातानंतर दांडा कानाजवळ धरून हलकेच वाकवावा आणि पिळावा, आणि कोठेही करकर ऐकू आली तर तो मोडून कचऱ्यात टाकावा. उरलेल्या पाच बाणांपैकी एक याच परीक्षेत बाद झाला. लाकडाचीही अशीच वाकवून परीक्षा करावी, पण लाकडातली चीर बहुतेक वेळा नखाला लागते.

नियमांचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा आणला आहे, कारण आमच्या गृहस्थांना स्पर्धेत उतरण्याची घाई नव्हती. ज्यांना आहे, त्यांच्यासाठी तो पहिला असतो. आंतरराष्ट्रीय तिरंदाजी महासंघाच्या लाँगबो विभागात दांडा लाकडाचा आणि पिसे नैसर्गिकच लागतात. आपल्याकडील इंडियन राऊंड या देशी स्पर्धाप्रकारातही बांबू-लाकडाचे धनुष्य आणि तशाच दांड्यांचे बाण चालतात. अशा वेळी कार्बन कितीही चांगला असला तरी तो सरावापुरताच उरतो, आणि ज्या बाणाने स्पर्धा खेळायची नाही, त्याने सराव का करायचा, हा प्रश्न उभा राहतो.

इंडियन राऊंडच्या निमित्तानेच बांबूचा विषय निघाला. संस्कृतात 'शर' हा शब्द बाणासाठी आहे आणि ज्या गवतासारख्या वनस्पतीच्या कांड्यांपासून बाण करीत, तिच्यासाठीही आहे. लाकूड तासून दांडा करण्याच्या कितीतरी आधी माणसाने आयता दांडा उचलला असणार. पेठ तालुक्यातील एका कारागिराकडून, जे गावातील मुलांसाठी तिरकामठे करतात, आम्ही ऑक्टोबरमध्ये मानवेल बांबूचे १८ दांडे आणले. मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून तो जड आणि चिवट. त्यांनी दांडे निखाऱ्यावर शेकून इतके सरळ केले होते की टेबलावर लोटल्यावर एकही उड्या मारत नव्हता. मला वाटले होते की त्यांच्या हाताने स्पाइनही जुळवलेली निघेल, आणि तसे झाले असते तर गोष्ट सुंदर झाली असती. डायल गेजने ३६ ते ४७ पाउंड दाखवले. कारागिराला हे कळवल्यावर ते म्हणाले, "आमची पोरं झाडाखालून मारतात, भाऊ. दहा पावलांवर सगळे बाण सारखेच असतात." त्यांचे बरोबर होते. त्यांच्या अंतरावर, त्यांच्या हलक्या धनुष्याला, आमची वाळूची डबी गैरलागू होती.

अठरांपैकी आठ दांडे ३९ ते ४२ पाउंडांच्या टप्प्यात सापडले. त्यांच्या पेरांच्या जागा एकसारख्या याव्यात म्हणून ते उलटसुलट करून लावले, मुठीवरून जाणारी पेरे कानशीने घासून सपाट केली आणि दोन्ही टोकांना दोरा गुंडाळून डिंक भरला. सातशे स्पाइनचे उरलेले चार कार्बन बाण आता त्यांच्या सिडकोतील घराच्या गच्चीवर आहेत. तेथे तीन मीटरवर जाड गाठोडे बांधून, मागे भिंतीला जुनी गादी लावून, ते रोज सकाळी फक्त अँकर (ओढलेला हात चेहऱ्याशी नेमक्या जागी टेकवणे) आणि रिलीजचा सराव करतात. ओल, ऊन, वेळ कशाचाही विचार न करता उचलावा असा बाण तेथे हवा असतो. शेतावर ते बांबूचे आठ आणि पाइनचे राहिलेले पाच घेऊन येतात, दोन्ही एकाच भात्यात, मापे पेन्सिलीने लिहिलेली. कोणता भाता बंद करायचा, हे त्यांनी मला पुन्हा विचारलेले नाही.

मापात न बसलेले बांबूचे दहा दांडे जागेच्या मालकांनी मागून घेतले आणि परसातील टोमॅटोला लावले. नोव्हेंबरअखेर त्यांतील एक काढून त्यांनी आमच्या गृहस्थांकडे दिला आणि म्हणाले, "हा जरा वाकतोय, तुमच्या यंत्रावर बघा."